लिटरला आठ

आत्याच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. एक, ज्यांना गाडी चालवता येत नाही, आणि दुसरी, ज्यांना ती येत नाही हेसुद्धा कळत नाही. ती स्वतः यात कुठे बसते हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं तिने लाँड्रीची पिकअप चालवली होती. सकाळी हॉस्पिटलमधून मळक्या चादरींची गाठोडी आणायची, दुपारी इस्त्रीच्या घड्या परत पोचवायच्या, आणि वाटेत जो जो दिसेल त्याच्या चालवण्याचा उद्धार करायचा. मग डावा गुडघा कुरकुरायला लागला, क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि गेल्या वर्षी किल्ली धाकटीकडे गेली. दिली म्हणण्यापेक्षा अंगावर फेकली म्हणणं जास्त खरं.

धाकटी म्हणजे तिच्या भावाची धाकटी मुलगी. भाऊ-भावजय गेल्यावर दोन्ही पोरी आत्यानेच वाढवल्या. थोरली लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेली, धाकटी आत्याजवळ राहिली. तिला लहानपणापासून त्या गाडीचं वेड. सुट्टीच्या दिवशी गाठोड्यांवर बसून फिरायची, मोठी झाल्यावर इंजिनात डोकं घालायची. आत्याने तिला गाडी शिकवली ती शिव्या देत देतच. 'छान' हा शब्द आत्याच्या तोंडून कधीतरी इंजिनाबद्दल निघे, माणसाबद्दल तो तिने अजून वापरून पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती तोंड पाडूनच.

"मालक म्हणाले, गाडी लिटरला आठ देते. तुझ्या वेळी अकराच्या वर द्यायची."

"द्यायचीच."

"म्हणाले, गाडी तीच, रस्ता तोच, म्हणजे पोरीचा पाय जड आहे. महिनाअखेरपर्यंत आकडा सुधारला नाही तर गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला देणार. मी आत बसून घड्या घालायच्या."

मालक म्हणजे कालपरवापर्यंत बापाच्या लाँड्रीत चड्डी सावरत फिरणारं पोरगं. बाप गेला, खुर्ची मिळाली, आणि खुर्चीबरोबर अक्कलही मिळते अशी त्याची समजूत झाली. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्याला अजून माहीत नव्हतं. आत्याने त्याला जमतील तेवढी विशेषणं लावली, आणि ती संपल्यावर धाकटीकडे वळली.

"तो मूर्ख आहे. पण पाय तुझा जडच आहे."

"नाही गं, आत्या. मी खूप सांभाळून..."

"नाचता येईना, अंगण वाकडं. सांभाळून चालवणाऱ्याची गाडी आठ देत नाही."

धाकटीने दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. एअर फिल्टर काढला तर त्यातून धुळीचा लोट निघाला. चाकांत हवा कमी होती, ती बरोबर भरून घेतली आणि रोज सकाळी तपासू लागली. केबिनच्या डोक्यावर ताडपत्रीसाठी बसवलेला लोखंडी सांगाडा बारा महिने उगाच वारा अडवत होता, तो तिने खोलून भिंतीला टेकवला. हॉस्पिटलच्या मागच्या दारी गाठोडी चढेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सगळ्यांची सवय, तिने ते बंद करायला सुरुवात केली. आत्या ओट्यावर बसून हे सगळं पाहत, ऐकत होती आणि प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत होती, कारण यातली एकही गोष्ट तिने स्वतः कधी केली नव्हती.

आकडा साडेआठ झाला. आठवड्याने पुन्हा आठावर आला.

"आत्या, मागून काहीतरी जळल्यासारखा वास येतो," धाकटी एकदा म्हणाली.

"क्लचवर पाय ठेवून बसत असशील."

"नाही ठेवत."

"मग जिभेवर ठेवत जा. मालकाला आवडेल."

याच सुमारास थोरलीचा नवरा मदतीला धावून आला. जावईबापू पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, आणि यंत्र विकणाऱ्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी खिशातून दोन काळी चुंबकं काढून ओट्यावर ठेवली.

"ही डिझेलच्या नळीला बांधायची, आत्या. डिझेलचे कण एका रांगेत उभे राहतात आणि पूर्ण जळतात."

"मग आत्तापर्यंत काय धक्काबुक्की करत होते?"

"हसू नका. व्हिडिओत दाखवलंय. पहिल्या दिवसापासून तीस टक्के फरक."

"पी हळद नि हो गोरी! व्हिडिओत माणसं उडतातसुद्धा, जावईबापू. तुम्ही गच्चीवर जाऊन बघू नका म्हणजे झालं."

जावईबापूंना अपमान कळत नसे, हा त्यांचा एकमेव गुण होता. त्यांनी चुंबकं बांधली. शिवाय टाकीत टाकायची गोळी आणतो म्हणाले. गाडीला पोटदुखी झालेली नाही, असं आत्याने त्यांना सांगितलं. ते गेल्यावर ती धाकटीला म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोष ड्रायव्हरच्या पायात, आणि हा माणूस औषध नळीला बांधतोय."

आता आत्याच्या रविवारबद्दल सांगायला हवं. रविवारी धाकटी थोरलीकडे जायची. ती वळणाआड गेली की आत्या पडवीतून जुनं गोणपाट काढायची, ते घराशेजारच्या शेडमध्ये उभ्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी अंथरायची, आणि कण्हत, गुडघ्याला शिव्या देत गाडीखाली सरकायची. हातात मुठीला चिंधी गुंडाळलेला तिचा लांब स्क्रूड्रायव्हर. चाकाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यात बोटाएवढी फट असते. तिच्यातून आतली दातेरी चकती एक खटका फिरवली की ब्रेक आणखी जवळ येतो, म्हणजे पाय ठेवताच लागतो. मागच्या दोन्ही चाकांना ती एकेक खटका द्यायची, गोणपाट गुंडाळून ठेवायची आणि हात धुऊन ओट्यावर येऊन बसायची.

खरी रीत तिला पाठ होती. आधी जॅक लावून चाक उचलायचं, खटका दिल्यावर ते हाताने फिरवून बघायचं, आणि घासत असेल तर उलटं ढिलं करायचं. तिनेच ती धाकटीला शिकवली होती, चार शिव्यांसकट. पण जॅक मारायला उकिडवं बसावं लागतं आणि गुडघ्याला ते मंजूर नव्हतं. कुणाला हाक मारावी, तर आत्याने आयुष्यात कुणाला हाक मारली नव्हती. बावीस वर्षांचा हात आहे, चाक उचलून काय बघायचं, असं तिने ठरवून टाकलं.

हे सुरू झालं त्याला कारण होतं. किल्ली दिल्यावर पहिल्याच आठवड्यात ती धाकटीच्या शेजारी बसून गेली होती. हॉस्पिटलच्या मागे एक उतार आहे. तिथे एक बाई चाकाच्या खुर्चीत म्हाताऱ्याला बसवून रस्ता ओलांडत होती, आणि धाकटीने ब्रेक उशिरा मारला. गाडी थांबली तेव्हा खुर्ची हातभर लांब होती. आत्याने पोरीला तिथेच रस्त्यावर फाडून खाल्लं. पण त्या रात्री खुर्चीतला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून जाईना, आणि स्टिअरिंगमागे पांढरं पडलेलं धाकटीचं तोंड तर त्याहून जाईना. भीती वाटली हे तिला सांगायचं होतं. पण रोजच शिव्या घालणाऱ्या माणसाने एक दिवस भीतीने शिवी घातली, तर ती वेगळी कशी ओळखू यावी? धाकटीने ती नेहमीच्या ढिगात टाकली असणार असं आत्या धरून चालली. त्या दिवसापासून ती पुन्हा गाडीत बसली नाही, आणि रविवारी गोणपाट अंथरायला लागली.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. सोमवारी मालक स्वतः उभं राहून टाकी भरून घेणार होता आणि शनिवारी हिशेब बघणार होता. आत्याने सकाळी धाकटी शेजारून आणलेला हवा भरायचा पंप परत करायला गेलेली पाहून गोणपाट काढलं. मोठा आठवडा आहे, पोरगी घाबरलेली असणार, घाबरलेला माणूस ब्रेक आणखी उशिरा मारतो, म्हणून तिने यावेळी दोन-दोन खटके दिले.

दुपारी थोरली आणि जावईबापू आले. जावईबापूंना चुंबकं पुन्हा घट्ट बांधायची होती आणि शेडमध्ये अंधार होता.

"धाकटे, गाडी सुरू कर आणि जरा बाहेर घे," ते म्हणाले.

"दहा पावलं न्यायला इंजिन सुरू करता?" आत्या ओट्यावरून ओरडली. "आणि दिवसभर मायलेजचा जप! ढकला."

जावईबापूंनी आणि धाकटीने ढकलली. गाडी हलली नाही. जावईबापूंनी आत डोकावून हँडब्रेक पाहिला, तो सोडलेला होता. गिअर पाहिला, न्यूट्रल होता. पुन्हा जोर लावला. त्यांचं तोंड लाल झालं आणि गाडी होती तिथेच राहिली.

"जुनी गाडी, आत्या," ते धापा टाकत म्हणाले. "जड झालीय. वय झालं की असंच."

"वय तुमच्या दंडांचं झालंय. हिला मी एकटी ढकलायचे याच शेडमधून."

"तेव्हा तुम्हीही तरुण होता."

एवढं बस होतं. आत्या उठली, पदर खोचला, लंगडत गेली आणि जावईबापूंना बाजूला सारून मागच्या फळीला खांदा लावला. कुठे लावायचा ते तिला ठाऊक होतं. दिव्याच्या वर एक जागा होती, तिथला रंग तिच्याच खांद्याने गेलेला. तिने श्वास धरला आणि रेटा दिला.

जावईबापू हसले. "राहू द्या, आत्या. गुडघा सांभाळा."

थोरलीने खुर्ची आणून ठेवली. त्या खुर्चीचा आत्याला एरवी इतका संताप आला असता की तिने ती गल्लीत भिरकावली असती. पण ती खांदा तसाच टेकवून उभी राहिली होती. जड गाडी आधी थोडी झुलते आणि मग माणसाला हरवते, हे बावीस वर्षांच्या खांद्याला माहीत होतं. ही झुललीच नाही. हिला कुणीतरी धरून ठेवलं होतं.

कुणी, ते तिला लगेच कळलं. जळका वास, दर आठवड्याला खाली येणारा आकडा, भरलेली हवा, साफ केलेला फिल्टर, सगळं रांगेत उभं राहिलं. त्याला चुंबक लागलं नाही. पोरगी महिनाभर घासून-पुसून जे मिळवत होती, ते आत्या दर रविवारी गोणपाटावर पडून हिरावून घेत होती. काखेत कळसा, असं ती दुसऱ्याला म्हणाली होती. आत्याला स्वतःची इतकी किळस आजवर कधी आली नव्हती, आणि तिला किळस करण्याचा सराव चांगला होता.

"आत जा सगळे, चहा घ्या," ती म्हणाली. "धाकटे, तू थांब. जॅक आण."

गप्प राहून स्वतःच निस्तरावं असा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण जॅकशिवाय ते होणार नव्हतं, आणि जॅक गुडघ्याशिवाय होणार नव्हता.

धाकटीने मागचं चाक उचललं.

"फिरव."

धाकटीने एका हाताने फिरवलं, मग दोन्ही हातांनी. "आत्या, हे जाम आहे."

"दिसतंय मला. खाली जा."

धाकटी खाली सरकली. थोडा वेळ तिचे नुसते पायच दिसत होते.

"फटीवर ताजे ओरखडे आहेत," आतून आवाज आला.

आत्याने चिंधी गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर खाली धरला. धाकटीने तो घेतला आणि ओरखड्यांवर टेकवून पाहिला.

"कधीपासून?"

"उतारापासून."

"मला सांगायचंस ना, आत्या."

"सांगितलं होतं. शिव्या दिल्या होत्या."

"त्या तू रोजच देतेस."

आत्या चाकाच्या रबरावरून हात फिरवत राहिली.

"दोन्हीकडचं ढिलं कर," ती शेवटी म्हणाली. "चाक एका हाताने फिरलं पाहिजे आणि घासल्याचा आवाज जेमतेम कानाला लागला पाहिजे. त्याहून जास्त ढिलं करशील तर थोबाड फोडीन."

"आणि उतारावर?"

"उतारावर तुझं तू बघ." हे वाक्य म्हणायला तिला गाडी ढकलण्याहून जास्त जोर लागला.

खाली खटके वाजायला लागले. मग धाकटी सहज म्हणाली, "तो उतार मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरते, आत्या. त्या दिवसापासून. ब्रेकला नुसता पाय टेकवावा लागतो."

आत्या खुर्चीवर बसली. थोरलीने आणलेली तीच खुर्ची. एक वर्ष ती पोरीच्या पायाला नावं ठेवत होती, आणि एकदाही शेजारी बसून तो पाय काय करतो ते तिने पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी लाँड्रीच्या मागच्या अंगणात मालक हिशेब करायला उभा राहिला. आत इस्त्रीच्या टेबलांवरून वाफ निघत होती आणि इस्त्रीवाल्या बायका दारात येऊन डोकावत, हसत होत्या. आत्या लंगडत आली होती. जावईबापूंना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी पोचले होते. मालकाने टाकी पुन्हा भरून घेतली होती. त्याने मोबाईलवर बोटं आपटली, पुसली, पुन्हा आपटली.

"साडेअकरा!" तो म्हणाला. "केलंत काय?"

"चुंबक," जावईबापू पुढे झाले आणि त्यांनी स्वतः बॉनेट उघडून दाखवलं.

मालक वाकला. त्याने चुंबकाला अशा काही आदराने बोट लावलं की आत्याला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. मग तो सरळ झाला आणि त्याच्या तोंडावर हुशारी पसरली. आत्याने त्याच्या बापाच्या तोंडावर ती कधी पाहिली नव्हती, बाप खरोखरच हुशार होता.

"म्हणजे गाडी चुंबकाने सुधारली," तो म्हणाला. "पोरीचा पाय होता तसाच आहे. जड पायाला साडेअकरा, तर हलक्या पायाला चौदा कुठे गेले नाहीत. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर बसवतो. तू आत घड्यांना ये."

धाकटीने आत्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, पण त्या वाक्यात आत्याचं नाव आलं असतं. केबिनचं दार उघडून तिने सीटशेजारची पाण्याची बाटली काढली, काच पुसायचं फडकं काढलं, आणि ती आपल्या वस्तू गोळा करू लागली.

आत्या पुढे झाली. बॉनेटमध्ये हात घालून तिने दोन्ही चुंबकं ओरबाडली आणि जावईबापूंच्या हातात कोंबली.

"ही घ्या. घरी लोखंडाच्या कपाटाला लावा, तेवढाच उपयोग आहे." मग ती मालकाकडे वळली. "आता पुन्हा आठवडाभर चालवून बघा. साडेअकराच देईल. ही गाडी पीत नव्हती. मी पाजत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे दर रविवारी गाडीखाली शिरून मी ब्रेक आवळत होते. चाक उचलून न बघता. वर्षभर ही पोरगी ब्रेक लागलेली गाडी ओढत होती, आणि तरी आठ काढत होती. तुमचा तो हलक्या पायाचा बसवा, त्याने तशा गाडीत पाच काढले तर माझं नाव बदला."

दारातल्या बायका हसायच्या थांबल्या. जावईबापू चुंबकं या हातातून त्या हातात करत होते.

"पण आवळत कशाला होता?" मालकाने विचारलं.

"मला वाटायचं हिला चालवता येत नाही."

"आणि आता?"

आत्याच्या तोंडात 'बरी', 'ठीक', 'तुमच्यापेक्षा बरी' असे बरेच शब्द तयार होते. त्यातल्या कशानेही हे खुर्चीतलं पोरगं ऐकणार नव्हतं.

"छान चालवते," ती म्हणाली.

मालकाने मोबाईलकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो अशा थाटात मान हलवली. "मग चालवू दे की," तो म्हणाला.

केबिनमधून धाकटीचं डोकं बाहेर आलं. "काय म्हणालीस, आत्या?"

"कान धुऊन ये. पुन्हा सांगणार नाही."

धाकटीने बाटली परत जागेवर ठेवली, फडकं ठेवलं, आणि स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू केली. मग शेजारच्या सीटवरची धूळ हाताने झटकली, ते दार आतून उघडलं, आणि आत्याकडे बघत नुसती बसून राहिली. आत्या फूटबोर्डला धरून, गुडघ्याच्या नावाने खडे फोडत, वर्षाने पहिल्यांदा वर चढली.

"दात काय काढतेस?" ती दार ओढत म्हणाली. "निघ. उभ्या गाडीत डिझेल जळतंय."